आधी मोजमाप, मग खरेदी : कॅमेऱ्याची लेन्स आणि फ्लॅश

(श्रावणात समाजाच्या सभागृहात झालेल्या भाषणाचा मजकूर)



सचिवांनी मला बोलायला सांगितलं तेव्हा मी म्हटलं, मी काही फोटोग्राफर नाही. सिव्हिलचा डिप्लोमा केलेला, लोक निर्माण विभागात उपयंत्री. रस्ते, नाल्या, शाळेच्या खोल्या मोजायच्या आणि एमबी भरायची, हे माझं काम. ते म्हणाले, ‘अरे, दर गणपतीत फोटो तूच काढतोस आणि दर गणपतीनंतर दहा जण तुला विचारतात की कुठला कॅमेरा घेऊ. एकदाच सगळ्यांना सांगून टाक.’ म्हणून उभा राहिलो.

इंदुरात आमच्या खात्याचा आणि फोटोचा संबंध तसा जुना आहे. लाला दीनदयाळ, ज्यांना पुढे निजामाने राजा ही पदवी दिली, ते रुडकीला इंजिनिअरिंग शिकून १८६६ साली इंदूरच्या बांधकाम खात्यात नोकरीला लागले. नकाशे काढायचे, एस्टिमेट करायचं. फोटोग्राफी त्यांनी १८७४ च्या सुमारास इथेच सुरू केली. मी कुठे आणि ते कुठे! पण एक गोष्ट मनात येते. काचेची जड प्लेट वापरणारा माणूस कॅमेरा उभा करण्यापूर्वी जागा नक्कीच मोजत असणार. आम्हालाही नोकरीत पहिल्या दिवशी तेच शिकवतात. साइट पाहिल्याशिवाय एस्टिमेट करायचं नाही.

आणि मी नेमकं तेच केलं होतं. आज बोलायला उभा आहे तो त्या चुकीमुळेच. ती आधी सांगतो.

२०१९ च्या फेब्रुवारीत माझ्या आईचं सहस्रचंद्रदर्शन ह्याच सभागृहात झालं. तुमच्यापैकी बरेच जण त्या दिवशी होतात. त्याच्या महिनाभर आधी मी सोसायटीचं कर्ज काढून नवी फुल-फ्रेम बॉडी घेतली. आईचा सोहळा आहे, कॅमेरा चांगलाच हवा, असा विचार. बॉडीतच सगळे पैसे संपले. तिच्या जोडीची लेन्स परवडेना, म्हणून अॅडॅप्टर लावून जुन्या क्रॉप कॅमेऱ्याची १८-५५ लेन्स बसवली. फ्लॅश घेतलाच नाही, आणि बॉडीला अंगचा फ्लॅश नव्हता. दुकानदाराने फसवलं म्हणावं तर तसंही नाही. मी जे मागितलं ते त्याने दिलं.

संध्याकाळी ८१ दिव्यांनी आईला ओवाळलं. वरचे मोठे दिवे मुद्दाम बंद केले होते. माझी लेन्स ५५ वर गेली की तिचं ॲपर्चर एफ ५.६ च्या पुढे उघडत नाही. कॅमेऱ्याने आयएसओ १२८०० वर नेला आणि तरी शटर एकतिसांशवर, म्हणजे सेकंदाच्या तिसाव्या भागावर आलं. ताटं फिरतायत, आई हसतेय, मान हलवतेय. घरी येऊन संगणकावर पाहिलं तर २०० फोटोंत एकही चेहरा धड नव्हता. बॉडीत स्टॅबिलायझेशन होतं, पण ते माझ्या हाताचा कंप सावरतं. समोरचा माणूस हलला तर त्याला ते काय करणार?

माझा भाचा तेव्हा कॉलेजात होता. त्याच्याकडे सेकंडहँड क्रॉप कॅमेरा, त्याला ३५ एमएमची एफ १.८ लेन्स आणि एक साधा फ्लॅश. तो फ्लॅश त्याने आईवर मारला नाही. बाजूच्या पांढऱ्या भिंतीकडे वळवून अगदी हलका ठेवला. त्याच्या फोटोत दिवे दिव्यांसारखे पिवळे आहेत आणि आई तोंडभर हसतेय. त्याच वर्षी दिवाळीनंतर आई गेली. आमच्या बैठकीत तिचा हार घातलेला फोटो आहे, तो भाच्याने काढलेला. दीड लाखाच्या कॅमेऱ्याचा एकही फोटो भिंतीवर जाण्याजोगा निघाला नाही.

तेव्हापासून मी हा विषय एमबी घेऊन बसावं तसा शिकलो. आता मुद्द्यावर येतो.

आधी क्रॉप आणि फुल-फ्रेम म्हणजे काय. जुन्या ३५ एमएम फिल्मवरच्या एका चौकटीचं माप ३६ बाय २४ मिलिमीटर. तेवढा सेन्सर असला की त्याला फुल-फ्रेम म्हणतात. क्रॉप सेन्सर निकॉन, सोनी, फुजी यांच्यात साधारण २३.५ बाय १५.६ आणि कॅननमध्ये त्याहून किंचित लहान. निकॉनचा दीड आणि कॅननचा १.६ हा जो आकडा तुम्ही ऐकता, तो ह्या मापांचा भागाकार आहे. ५० ची लेन्स क्रॉपवर लावली की दृश्य ७५ किंवा ८० च्या लेन्सएवढं दिसतं. लेन्स लांब होत नाही बरं का. मोठ्या चादरीतला मधला तुकडा कापून घ्यावा, तसं आहे.

आता हिशोब ऐका, कारण खरेदीचं सगळं गणित इथे आहे. फुल-फ्रेम सेन्सरचं क्षेत्रफळ क्रॉपच्या सव्वादोन पटींहून थोडं जास्त. म्हणजे बॉडी बदलून अंधारात तुम्हाला ढोबळमानाने सव्वादोन पट फायदा मिळतो. आणि किट लेन्सच्या एफ ५.६ वरून एफ १.८ वर गेलात तर? एफ नंबर जितका लहान, तितकं भोक मोठं. ५.६ ला १.८ ने भागा आणि वर्ग करा. उत्तर पावणेदहाच्या आसपास येतं. जवळजवळ दहापट उजेड! मी ज्या जागी आयएसओ १२८०० वर झगडत होतो, तिथे भाच्याच्या लेन्सला १३०० सुद्धा पुरला असता. म्हणून माझा क्रम असा : पहिली लेन्स, मग फ्लॅश, आणि बॉडी सगळ्यात शेवटी.

पण लेन्स कुठली? इथे टेप काढायची. एक सूत्र लिहून घ्या, आठवीतल्या मुलालाही जमेल. सेन्सरची रुंदी मिलिमीटरमध्ये घ्या. तिला तुम्ही उभे राहाल त्या अंतराने गुणा. फोटोत जेवढी रुंदी हवी तिने भागा. अंतर आणि रुंदी दोन्ही फुटांत घेतलं तरी चालतं. उत्तर येईल ती तुमची फोकल लेंथ.

घरचं उदाहरण घेऊ. तुमच्या बैठकीत गौरी-गणपती मांडलेत. मागे भिंत आहे, तुम्ही फार तर ८ फूट मागे जाऊ शकता. आरास आणि घरची माणसं मिळून १० फूट रुंदी हवी. क्रॉपवर २३.५ गुणिले ८ भागिले १०, म्हणजे जेमतेम १९ एमएम. फुल-फ्रेमवर ३६ गुणिले ८ भागिले १०, म्हणजे २९ एमएम. आता जाहिरात वाचून क्रॉप कॅमेऱ्यासाठी कुणी ५० एमएम घेतली, तर त्या खोलीत त्याच्या वाट्याला चार फूटही येत नाहीत. गणपती येईल, आजी बाहेर राहील. लेन्स वाईट नाही, खोली लहान आहे.

दुसरं उदाहरण आपल्या रंगमंचाचं. तुम्ही २४ फुटांवर बसलात आणि गाणाऱ्या मुलीचा कमरेपासून वरचा फोटो हवा, म्हणजे साधारण ४ फूट रुंदी. क्रॉपवर १४१ एमएम, फुल-फ्रेमवर २१६. इथे क्रॉपवाल्याची चंगळ आहे. त्याची स्वस्त, हलकी ५५-२०० किंवा ५५-२५० तिथपर्यंत पोचते आणि फुल-फ्रेमवाल्याला ७०-२०० चा ठोकळा खांद्यावर वाहूनही ते पुरत नाही. पण ह्या स्वस्त लेन्स लांबच्या टोकाला पुन्हा एफ ५.६ च्याच. रंगमंचावर चांगले दिवे असतील तर चालतात, नाहीतर पुढे येऊन ८५ ची एफ १.८ लावावी.

तेव्हा घरगुती आणि समाजाच्या कामासाठी माझं मत असं. क्रॉप असेल तर किट लेन्स ठेवा, ती दिवसा आणि घराबाहेर उत्तम आहे. तिच्या जोडीला २४ किंवा ३५ एमएमची स्थिर लेन्स घ्या. फुल-फ्रेम असेल तर ३५ किंवा ५०, एफ १.८ ची. एफ १.४ किंवा १.२ च्या मागे लागू नका, किंमत दुपटीपेक्षा जास्त वाढते आणि उजेड तेवढा वाढत नाही.

आता काही खड्डे सांगतो, पाय पडण्याआधी बघून ठेवा.

पहिला खड्डा : ‘पुढेमागे फुल-फ्रेम घेईन, म्हणून लेन्स आत्ताच फुल-फ्रेमची घेतो.’ २४-७० ही फुल-फ्रेमवर सुरेख लेन्स आहे. क्रॉपवर ती ३६ ते १०५ सारखी वागते आणि घरात वाइड उरतच नाही. आज ज्या कॅमेऱ्याने फोटो काढता, त्याच्यासाठी घ्या.

दुसरा, उलट दिशेचा. क्रॉपची लेन्स फुल-फ्रेमवर लावणं. कॅननची ईएफ-एस लेन्स त्यांच्या फुल-फ्रेम डीएसएलआरवर बसतच नाही. निकॉनची डीएक्स लेन्स बसते, पण कॅमेरा मधलाच भाग वापरतो आणि २४ मेगापिक्सेलचे १० उरतात. मी आईच्या सोहळ्याला हेच करत होतो. फुल-फ्रेमचे पैसे भरून क्रॉपचे फोटो काढत होतो.

तिसरा खड्डा जुन्या लेन्सचा. निकॉनच्या डी प्रकारच्या जुन्या ऑटोफोकस लेन्सना फोकसची मोटर बॉडीत लागते. ३००० आणि ५००० मालिकेतल्या लहान बॉड्यांत ती नाही, त्यामुळे फोकस हातानेच करावा लागतो. निकॉनच्या एफटीझेड अॅडॅप्टरमध्येही ती मोटर नाही. कॅनन आणि निकॉन यांनी २०१८ मध्ये फुल-फ्रेम मिररलेससाठी नवे माउंट आणले. तेव्हापासून डीएसएलआरच्या लेन्स सेकंडहँड बाजारात बऱ्याच स्वस्तात मिळतात. जरूर घ्या, पण पाहून घ्या. लेन्समधून टॉर्चचा उजेड आरपार टाकून बघा. आत कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी. असली लेन्स घरी आणू नका. स्वतःची लेन्स पावसाळ्यात चामड्याच्या पिशवीत कोंडून ठेवू नका. स्वयंपाकघरातला घट्ट झाकणाचा डबा आणि सिलिका जेलच्या पुड्या एवढं पुरतं.

आता फ्लॅश. इथे लोकांचा ठाम समज असतो की फ्लॅशने फोटो बिघडतो. फ्लॅशने बिघडत नाही, त्याच्या दिशेने बिघडतो.

पंगतीचा फोटो आठवा. तुम्ही एका टोकाला उभे राहता आणि सरळ फ्लॅश मारता. ६ फुटांवरचे काका पिठासारखे पांढरे, १२ फुटांवरच्या काकूंना त्यांच्या चौथा हिस्सा उजेड, आणि शेवटी बसलेला जावई अंधारात. अंतर दुप्पट झालं की उजेड पाव होतो, हा निसर्गाचा नियम आहे, फ्लॅश कितीही महाग असो. आता तोच फ्लॅश मान वर करून पांढऱ्या छताकडे मारा. छत हाच मोठा दिवा होतो आणि छतापासून सगळ्यांचं अंतर बरंचसं सारखं असतं. जावईसुद्धा दिसतो. म्हणून फ्लॅश घेताना पहिली अट : त्याची मान वर आणि बाजूला, दोन्हीकडे वळली पाहिजे.

दुसरी अट ताकदीची. डब्यावर गाइड नंबर लिहिलेला असतो. अंतर मीटरमध्ये, त्याला एफ नंबरने गुणलं की गाइड नंबर, आयएसओ १०० धरून. पण डब्यावर ६० लिहिलं असेल तर बारीक अक्षरं वाचा. बहुधा ते फ्लॅशचा झूम २०० एमएमवर असतानाचं असतं. ३५ वर तोच आकडा ३५-४० च्या घरात येतो. घरात १० फुटी छतावरून उजेड उसळवायला एवढी ताकद भरपूर होते. आपल्या ह्या सभागृहाचं छत मात्र २० फुटांवर आहे. उजेड वर जाऊन खाली येईपर्यंत १० मीटरचा प्रवास, आणि छताने खाल्लेला भाग वेगळा. आयएसओ ४०० वरही तुम्हाला एफ २.८-३.५ च्या आसपासच यावं लागतं. किट लेन्स तिथे हात टेकते. म्हणून भाच्याने छत सोडून बाजूची भिंत धरली. त्याने जागा पाहिली होती.

मांडवात आणखी एक गंमत होते. वर भगवं किंवा गुलाबी कापड असतं. त्यावरून उजेड उसळवला की सगळ्यांचे चेहरे त्याच रंगाचे होतात. तिथे कापडाचा नाद सोडा. मागे पांढरी भिंत असेल तर ती, नाहीतर फ्लॅशच्या डोक्यामागे एक पांढरा कागद रबरबँडने बांधा.

आरतीचा नियम वेगळा. निरांजनाचा उजेड हाच त्या फोटोचा जीव असतो. पूर्ण ताकदीचा फ्लॅश मारला की ज्योत फिकी आणि मूर्ती सपाट. म्हणून एक तर फ्लॅश नाहीच : एफ २, शटर १/१००, आयएसओ १६०० ते ३२००. किंवा फ्लॅशवर नारिंगी जिलेटिन लावायचं, ताकद दोन स्टॉप कमी करायची आणि शटर १/६० ठेवायचं. एवढं लक्षात ठेवा की शटरने आजूबाजूचा उजेड कमी-जास्त होतो, त्याचा फ्लॅशच्या उजेडावर परिणाम होत नाही. पण शटर फ्लॅशच्या सिंक मर्यादेत ठेवा. ती बहुतेक कॅमेऱ्यांत १/२०० किंवा १/२५० असते. तिच्या पुढे गेलात तर फोटोत काळा पट्टा येतो. हाय-स्पीड सिंकने तो टळतो, पण फ्लॅशची ताकद फार कमी होते.

एलईडीच्या माळा आणि स्वस्त दिवे असले आणि फोटोत आडवे पट्टे दिसले तर घाबरू नका, कॅमेरा बिघडलेला नाही. आपली वीज ५० हर्ट्झची आहे. शटर १/५० किंवा १/१०० वर आणा, बहुतेक वेळा पट्टे जातात.

ग्रुप फोटोचं सांगतो, कारण तिथे नवी लेन्स घेतलेले हमखास फसतात. एफ १.८ घेतली म्हणून ती कायम १.८ वरच ठेवायची नसते. तीन रांगांचा ग्रुप १.८ वर काढला तर पुढची रांग स्पष्ट आणि मागचे काका धुक्यात. फुल-फ्रेमवर हे आणखी जास्त होतं. ग्रुपला एफ ५.६ लागतो, ५.६ ला उजेड लागतो, आणि तो उजेड फ्लॅश देतो. म्हणून नुसती लेन्स पुरत नाही, दोघांची जोडी लागते.

फ्लॅश घेताना आपल्या कॅमेऱ्याच्या कंपनीचं टीटीएल चालणारा घ्या. कॅननचा, निकॉनचा, सोनीचा, प्रत्येकाचा वेगळा असतो. आणि वडिलांच्या फिल्म कॅमेऱ्याचा जुना फ्लॅश प्रेमापोटी नव्या कॅमेऱ्यावर चढवू नका. त्यातल्या काहींच्या ट्रिगरला शंभर-दोनशे व्होल्टपर्यंत दाब असतो, कॅमेऱ्याचं सर्किट जळू शकतं. सेल चार्ज होणारे, निकेल मेटल हायड्राइडचे, दोन संच ठेवा. पहिला संच आरतीच्या मध्यालाच संपतो, हा माझा अनुभव आहे.

अनंत चतुर्दशीच्या झांक्यांना तर तुम्ही सगळे कॅमेरा घेऊन जाताच. तिथे फ्लॅश बंद. झांकी दिव्यांनीच बनलेली असते, तुमचा फ्लॅश त्या दिव्यांना मारतो. वाइड लेन्स, क्रॉपवर १६-१८, फुल-फ्रेमवर २४, शटर १/१२५ च्या आसपास. आणि आखाड्याची मुलं तलवार, लाठी फिरवत असतात तेव्हा फ्लॅश अजिबात मारू नका. त्याच्या डोळ्यांपुढे क्षणभर अंधारी आली आणि हात चुकला, तर त्या फोटोचं काय करायचं?

मघाशी एका काकूंनी विचारलं, ‘मोबाइल पुरत नाही का रे?’ काकू, दिवसा, अंगणात, सहलीला अगदी पुरतो. मी स्वतः साइटवर मोबाइलच वापरतो. अंधारात हलणारा माणूस आला की तो कमी पडतो, कारण त्याचा सेन्सर नखाएवढा. तुम्हाला असे फोटो काढायचे नसतील तर एक पैसा खर्च करू नका. हाही एस्टिमेटचाच भाग आहे.

काढायचे असतील तर १०० रुपयांतले ४५ लेन्सला, ३५ बॉडीला आणि २० फ्लॅश-सेलला, असं वाटप करा. बॉडी जुनी चालेल. आणि कार्याच्या आधी एकदा जागेवर जाऊन या. टेप न्या. छत किती उंच, भिंत कुठल्या रंगाची, उभं कुठे राहायचं. पंधरा मिनिटांचं काम आहे. मी केलं असतं तर आईचा एक फोटो माझ्याही हातचा असता.

शेवटी एक छोटी घोषणा. मी माझी एक ३५ एमएमची लेन्स आणि एक फ्लॅश समाजाच्या कपाटात ठेवतोय. सेलचे दोन संच सोबत आहेत. ज्या कॅमेऱ्यांवर ते चालतात त्यांची यादी डब्यावर चिकटवली आहे. कुणाच्या घरी मुंज असो, डोहाळजेवण असो, कुणाच्या आजोबांची पंचाहत्तरी असो, रजिस्टरमध्ये सही करा आणि घेऊन जा. भाडं नाही. परत आणताना सेल चार्ज करून आणा, आणि जो फोटो चांगला आला असेल त्याची एक प्रत मला दाखवा.

 गणपती बाप्पा मोरया!